घरच्या सर्व्हरवरचा सिनेमा वारंवार अडकतो? नवा राऊटर घेण्याआधी हे तपासा

घरच्या सर्व्हरवरून, म्हणजे सिनेमे साठवून ते टीव्हीला पुरवणाऱ्या घरातल्या संगणकावरून, सिनेमा सुरू होतो, पाच-दहा मिनिटं सुरळीत चालतो आणि मग पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागतं. पुन्हा सुरू होतो, पुन्हा अडकतो. इंटरनेटचा वेग मोजला तर उत्तम येतो, फोनवर सगळं व्यवस्थित चालतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, राऊटर जुना झालाय, बदलून टाकू. गेल्या काही वर्षांत स्वतःच्या घरी आणि नातेवाईक-मित्रांकडे मी हा बिघाड इतक्या वेळा सोडवला आहे, की आता कुणाचा फोन आला की आधी एकच विचारतो: अडकतं तेव्हा नेमकं काय दिसतं? बहुतेक वेळा उत्तर त्यातच असतं, आणि बहुतेक वेळा राऊटर निर्दोष असतो.

आधी लक्षणं

तुमच्याकडे यातलं कोणतं घडतं ते नीट बघा. दोन-तीन एकदम असू शकतात.

- फक्त मोठ्या फोरके फाइली अडकतात, साध्या एचडी फाइली चालतात. संशय: वाटेत कुठेतरी जोडणी १०० मेगाबिटवर आहे.
- सबटायटल लावली की अडकतं, काढली की चालतं. संशय: सर्व्हरवर चालणारं ट्रान्सकोडिंग, म्हणजे चित्र नव्याने बांधण्याचं काम. नेटवर्कचा इथे काहीही संबंध नाही.
- दुपारी नीट चालतं, रात्री आठ ते अकरा अडकतं. संशय: वाय-फायवरची आजूबाजूची गर्दी.
- घरातल्या सगळ्याच उपकरणांची जोडणी एकदम तुटते आणि मिनिट-दोन मिनिटांत आपोआप परत येते. संशय: राऊटरचा अडॅप्टर, उष्णता किंवा वाय-फायचा चॅनेल.
- प्ले दाबल्यावर दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही, पण नंतर अख्खा सिनेमा न अडकता चालतो. हा बिघाडच नाही. झोपलेली हार्डडिस्क फिरायला लागायला तेवढा वेळ घेते.
- वीज जाऊन आली की टीव्हीला सर्व्हर सापडतच नाही. संशय: सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, बदलला.
- चित्र अडकत नाही, पण घरातल्या घरात असूनही धूसर दिसतं. संशय: टीव्ही सर्व्हरला ‘बाहेरचा’ समजतोय.

आता दोन पथ्यं. एक सिनेमा आणि त्यातला एक प्रसंग चाचणीसाठी ठरवून टाका, शक्यतो जिथे हमखास अडकतं तो. दर वेळी वेगळी फाइल लावली तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, चॅनेल आणि सेटिंग एकदम बदलून बिघाड गेला, तरी पुढच्या महिन्यात तो परत आल्यावर तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर असता.

रीस्टार्ट करण्याची घाई नको

सगळ्यांचा हात आधी राऊटरच्या बटणाकडे जातो. रीस्टार्टने बऱ्याचदा तात्पुरतं बरं वाटतं, पण पुरावाही पुसला जातो. त्याआधी दोन मिनिटं देऊन राऊटरच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये उघडतं ते) तो किती वेळ सलग चालू आहे ते बघा. तुम्ही हात लावला नसतानाही तिथे ‘३ तास’ दिसत असेल तर राऊटर स्वतःहून बंद-चालू होतोय आणि तुमचा अर्धा तपास तिथेच संपला; थेट अडॅप्टरच्या भागाकडे जा. आकडा ठीक असेल तर मग खुशाल रीस्टार्ट करा: आधी राऊटर, तो पूर्ण उठल्यावर सर्व्हर, शेवटी टीव्ही. टीव्ही रिमोटने बंद करणं पुरेसं नाही, तो फक्त झोपतो. प्लग काढून अर्धा मिनिट थांबा.

फाइलला किती वेग लागतो ते काढा

यासाठी कागद-पेन पुरतं, आणि बाकीच्या सगळ्या तपासण्यांना याच आकड्याचा आधार आहे.

फाइलचा आकार गिगाबाइटमध्ये घ्या, ८००० ने गुणा आणि सिनेमाच्या सेकंदांनी भागा. दोन तासांचा, ६० गिगाबाइटचा फोरके सिनेमा असेल तर ६० गुणिले ८००० भागिले ७२००, म्हणजे सुमारे ६७ मेगाबिट प्रति सेकंद. ही सरासरी झाली. धावपळीच्या, पावसाच्या, धुराच्या दृश्यांत हीच फाइल क्षणभर १०० च्या वर जाते. याउलट ८ गिगाबाइटच्या एचडी सिनेमाला जेमतेम ९ मेगाबिट लागतात.

इथे इंटरनेटच्या वेगाचा प्रश्नच येत नाही. सर्व्हर घरात, टीव्ही घरात. डेटा घराबाहेर जातच नाही. इंटरनेट कंपनीने ३०० चा प्लॅन ५०० केला तरी या सिनेमाला त्याचा थेंबभरही उपयोग नाही. मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक असतो तेवढा लक्षात ठेवा, नाहीतर पुढचे सगळे आकडे चुकतील.

फाइल जशीच्या तशी जातेय की सर्व्हर ती नव्याने बनवतोय?

मला एकच तपासणी करायची मुभा असती तर मी हीच केली असती. सिनेमे पुरवणारं सॉफ्टवेअर जेलीफिन असो, प्लेक्स असो की एम्बी, सर्व्हर फाइल तीन प्रकारे पाठवतो. पहिला प्रकार डायरेक्ट प्ले: फाइल आहे तशी पाठवायची, सर्व्हरला काहीच काम नाही. दुसरा, चित्र तेच ठेवून फक्त वेष्टन, म्हणजे फाइलचा बाहेरचा प्रकार, बदलायचं. हेही हलकं काम. तिसरा, ट्रान्सकोडिंग: प्रत्येक चित्र उलगडायचं आणि नव्याने बांधायचं. फोरके चित्राचं हे काम साध्या प्रोसेसरला वेळेत जमत नाही. सिनेमा एक सेकंद पुढे जातो तेव्हा सर्व्हरने पाऊण सेकंदाचंच चित्र तयार केलेलं असतं, आणि मग चक्र फिरतं. दिसायला हुबेहूब नेटवर्कचा बिघाड, प्रत्यक्षात दमलेला सर्व्हर.

कोणता प्रकार चालू आहे ते शोधायला पैसे लागत नाहीत. सिनेमा चालू ठेवून दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर सर्व्हरचा डॅशबोर्ड, म्हणजे नियंत्रणाचं पान, उघडा. सध्या काय चालू आहे त्याच्या शेजारी पद्धत लिहिलेली असते. जेलीफिनमध्ये प्लेअरच्या गिअरच्या चिन्हाखाली प्लेबॅकची माहिती उघडली की ट्रान्सकोडिंग का करावं लागतंय याचं कारणही दिसतं. ते कारण शब्दशः लिहून ठेवा. माझ्या अनुभवात वारंवार सापडणारी कारणं ही:

*सबटायटल.* हा सर्वांत मोठा गुन्हेगार, आणि सर्वांत कमी संशय याच्यावर येतो. एसआरटी प्रकारची सबटायटल म्हणजे साधा मजकूर, टीव्ही तो स्वतः चित्रावर दाखवू शकतो. पण ब्लू-रेमधून येणारी पीजीएस सबटायटल म्हणजे मजकूर नसून छोटी छोटी चित्रं असतात. बऱ्याच टीव्हींच्या अ‍ॅपना ती दाखवता येत नाहीत. मग सर्व्हर ती मूळ चित्रात भाजून पाठवतो, आणि त्यासाठी अख्खं चित्र नव्याने बांधावं लागतं. नक्षीदार एएसएस सबटायटलांचंही अनेकदा असंच होतं. दोन ओळींच्या मजकुरासाठी ६० गिगाबाइटची फाइल पिळली जाते. उपाय: त्याच सिनेमाची एसआरटी फाइल शेजारी ठेवा आणि ती निवडा. सबटायटल आपोआप निवडली जाण्याची सेटिंगही बघा. एका मित्राकडे ‘सबटायटल बंदच आहेत’ असं सगळे सांगत होते. परकी भाषा बोलली जाते तेवढ्यापुरता उमटणारा पीजीएस ट्रॅक मात्र आपोआप लागत होता. त्याच्या घरी तोवर राऊटर बदलून झाला होता.

*दर्जाची मर्यादा.* टीव्हीच्या अ‍ॅपमध्ये दर्जा ‘ऑटो’ असेल तर अ‍ॅप सुरुवातीला वेगाचा अंदाज घेतं, आणि तो कमी आला की सर्व्हरला फाइल लहान करायला सांगतं. घरातल्या वापरासाठी ही सेटिंग ‘मूळ’ किंवा सर्वाधिक वर ठेवा. सर्व्हरवर प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी मर्यादा घातलेली असू शकते, तीही बघा.

*आवाज.* अनेक टीव्हींना डीटीएस किंवा ट्रूएचडी आवाज समजत नाही. फक्त आवाज बदलणं हलकं काम आहे, त्याने सहसा अडकत नाही; पण काही अ‍ॅप आवाजाच्या निमित्ताने चित्रही बदलायला लावतात. फाइलमध्ये दुसरा साधा ट्रॅक असेल तर तो निवडून बघा.

*एचडीआर.* म्हणजे जास्त उजळ आणि जास्त गडद छटा असलेलं चित्र. टीव्ही एचडीआर नसेल तर रंग उतरवून घ्यावे लागतात. हे काम ट्रान्सकोडिंगमध्येही सर्वांत जड.

डॅशबोर्डवर डायरेक्ट प्ले दिसतंय आणि तरीही अडकतंय? मग सर्व्हरचा प्रोसेसर सुटला. पुढे जा, आता खरंच वाट तपासायची आहे.

दोघं एकाच घरात आहेत का?

टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन आयपी पत्ता बघा, सर्व्हरचाही बघा. घरातल्या बहुतेक जाळ्यांमध्ये पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत. सर्व्हर १९२.१६८.१ ने सुरू होतोय आणि टीव्ही १९२.१६८.० ने, असं दिसलं तर दोघं दोन वेगळ्या जाळ्यांत आहेत.

नेटवर्क ‘वाढवताना’ हे हमखास घडतं. इंटरनेट कंपनीचा राऊटर आधीपासून असतो, त्याला आपण नवा, चांगला राऊटर जोडतो, आणि दोघंही राऊटर म्हणूनच काम करत राहतात. घरात दोन घरं तयार होतात. टीव्ही एका वाय-फायवर, सर्व्हर दुसऱ्यावर. कधी सर्व्हर सापडत नाही, कधी फेरा मारून सापडतो. प्लेक्समध्ये तर जोडणी बाहेरच्या रिलेमार्फत, म्हणजे प्लेक्सच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरमार्फत, जाऊ शकते आणि तिथे फार तर २ मेगाबिट मिळतात. घरात बसून धूसर चित्र दिसण्यामागे हे एक कारण असतं. उपाय: दोनपैकी एकाला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पसरवेल. पत्ते वाटणारा घरात एकच हवा. टीव्ही पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असेल तर तोही मुख्य वाय-फायवर आणा, कारण पाहुण्यांचं जाळं मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. हे सगळं ठीक असूनही प्लेक्स घरातल्या घरात रिले वापरत असेल, तर राऊटरमधलं डीएनएस रीबाइंडिंगचं संरक्षण, म्हणजे घरातल्या पत्त्यांकडे नेणारी बाहेरची नावं अडवणारी सेटिंग, बघा. प्लेक्सच्या सुरक्षित जोडणीचे पत्ते ते अडवू शकतं. तिथे प्लेक्सच्या डोमेनला अपवाद द्यावा लागतो.

याच भेटीत राऊटरच्या पानावर सर्व्हरचा पत्ता राखून ठेवा. वीज गेल्यावर सर्व्हर हरवण्याचा त्रास कायमचा जातो.

केबल: ११ की ११०?

आता केबलकडे. इथे मी जास्त वेळ घालवतो, कारण ‘केबल लावलीय म्हणजे वेगच आहे’ हा समज फार पक्का असतो.

केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. १०० ला न लागणाऱ्या जोडीतली एक तार तुटली, क्लिप सैल झाली, कपाटामागे केबल चेमटली, तर जोडणी तुटत नाही. ती निमूटपणे १०० वर उतरते. इंटरनेट चालतं, एचडी सिनेमा चालतो, कुणाला काही कळत नाही. मग एक दिवस कुणी फोरके सिनेमा लावतं. १०० च्या जोडणीतून प्रत्यक्षात साधारण ९४ मेगाबिट मिळतात. सरासरी ६७ ची फाइल त्यात बसते, पण धावपळीच्या दृश्याला बसत नाही. म्हणूनच ‘दहा मिनिटं चालतो, मग अडकतो’.

तपासायचं कसं? विंडोजमध्ये नेटवर्क जोडणीच्या तपशिलात लिंकचा वेग दिसतो. लिनक्सवर एथटूल नावाचं साधन तेच सांगतं. राऊटर आणि बऱ्याच स्विचवर (एका केबलला अनेक केबल जोडणारी पेटी) गिगाबिट आणि १०० साठी दिव्याचा रंग वेगळा असतो. कोणता रंग कशाचा, ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. यातलं काही जमत नसेल तर एक मोठी फाइल सर्व्हरवरून केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर कॉपी करा. सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळाले तर गिगाबिट आहे. ११ च्या आसपास अडकलं तर १०० आहे. हे दोन आकडे इतके दूर आहेत की गफलत होत नाही. मधला कुठला तरी आकडा आला तर केबलपेक्षा डिस्क, यूएसबी किंवा प्रोसेसरकडे बघा.

११ आलं तर चांगली चालते अशी खात्री असलेली केबल लावून बघा, एकेक तुकडा बदलत. सर्व्हर ते स्विच, स्विच ते राऊटर, राऊटर ते टीव्ही. हाताने कनेक्टर बसवलेल्या केबलवर आधी संशय घ्या. दुसरा संशय तांब्याचा फक्त मुलामा असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलवर. ती हाताला हलकी लागते, वाकवल्यावर तारा लवकर तुटतात. घरातल्या अंतरांसाठी शुद्ध तांब्याची कॅट ५ई पुरेशी आहे, गिगाबिट तिच्यातून १०० मीटरपर्यंत जातं. कॅट ८ चा सोस नको.

आणि आता जे अनेकांना पटत नाही ते. बहुतेक टीव्हींचं केबलचं पोर्टच १०० मेगाबिटचं असतं, महागड्या टीव्हींचंही. उत्तम केबल, उत्तम स्विच, तरी ९४ च्या वर जाणार नाही. अशा टीव्हीला चांगल्या ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर जास्त वेग मिळू शकतो. केबल काढून वाय-फायवर टाकलं आणि सिनेमा सुरळीत झाला, हे मी कितीदा तरी पाहिलंय. वाय-फाय जमत नसेल तर गिगाबिट पोर्ट असलेला वेगळा स्ट्रीमिंग बॉक्स टीव्हीला लावा.

एक आणीबाणीची खूण: स्विचचे सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि घरातलं सगळंच बंद पडलं असेल, तर एखाद्या केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेलीत का ते बघा. साफसफाईनंतर असं होतं. केबल काढली की क्षणात सगळं सुरू.

वेग मोजा, टप्प्याटप्प्याने

इंटरनेटचा वेग मोजणारी संकेतस्थळं घरातला वेग सांगत नाहीत. त्यासाठी आयपर्फ३ हे मोफत साधन आहे. सर्व्हरवर ते ऐकणाऱ्याच्या भूमिकेत चालवायचं, आणि टीव्हीजवळ ठेवलेल्या लॅपटॉपवरून किंवा फोनवरून त्याच्याशी जोडायचं. उलट दिशेचाही पर्याय लावा, कारण सिनेमा सर्व्हरकडून टीव्हीकडे जातो आणि दोन्ही दिशांचा वेग सारखा असेलच असं नाही. दहा सेकंदांवर समाधान मानू नका, पाच मिनिटं चालू द्या. केबलवर ९४० मेगाबिटच्या आसपास यायला हवं. वाय-फायवर फाइलच्या सरासरी गरजेच्या दुप्पट तरी सतत मिळायला हवं, आणि मधे कुठे आकडा शून्याजवळ जातोय का हे सरासरीपेक्षा महत्त्वाचं.

मोजताना आधी राऊटरच्या शेजारी, मग टीव्हीच्या शेजारी. शेजारी चांगलं आणि टीव्हीपाशी वाईट आलं, तर दोष वाटेतल्या हवेचा. दोन्हीकडे वाईट आलं तर सर्व्हर किंवा राऊटरचा.

वाय-फाय

टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर आधी ५ वर आणा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. इमारतीतले सगळे राऊटर या तीन गल्ल्यांत गर्दी करतात, वर मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गोंगाट करतो. यूएसबी ३ ची हार्डडिस्क राऊटरच्या किंवा छोट्या सर्व्हरच्या अँटेनाला चिकटून ठेवली असेल तर तिचाही गोंगाट नेमका २.४ मध्येच पडतो. ती हातभर लांब सरकवा. फुकटचा उपाय आहे आणि काम करतो.

५ गिगाहर्ट्झची एक वेगळी गंमत समजून घ्या. ५२ ते १४४ यांमधल्या चॅनेलांवर हवामानाची आणि इतर रडारंही चालतात. राऊटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला तो चॅनेल ताबडतोब सोडावा लागतो, आणि त्याच गटातल्या नव्या चॅनेलवर बोलण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. घरातलं सगळं वाय-फाय अचानक मिनिटभर जाऊन परत येतं ते अनेकदा यामुळे. राऊटरच्या नोंदींमध्ये रडारचा उल्लेख दिसतो. चॅनेल ३६ ते ४८ मधला निवडून आठवडाभर बघा.

मेश किंवा रिपीटर, म्हणजे वाय-फाय लांबवर पोचवणाऱ्या जास्तीच्या पेट्या, वापरत असाल तर टीव्हीजवळची पेटी मुख्य पेटीशी कशी बोलते ते बघा. ती त्याच वाय-फायवर बोलत असेल तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्म्यावर येतो. दोन पेट्यांमध्ये केबल टाकणं हा माझ्या मते घरच्या नेटवर्कमधला सर्वांत फायद्याचा बदल आहे, नव्या पिढीचं वाय-फाय घेण्यापेक्षाही.

अडॅप्टर आणि उष्णता

राऊटर स्वतःहून बंद-चालू होत असेल तर आधी त्याचा अडॅप्टर बदलून बघा. वर्षानुवर्षं तापून आतले कपॅसिटर सुकतात. दिवे लागतात, पण काम वाढलं की व्होल्टेज कोसळतं आणि राऊटर बसतो. नवा अडॅप्टर तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच टोकाचा हवा. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. १२ व्होल्टच्या राऊटरला ९ चा किंवा १९ चा अडॅप्टर ‘बसतो म्हणून’ लावू नका. राऊटर बंद कपाटात किंवा टीव्हीच्या पाठीला चिकटून असेल तर मोकळ्यावर आणा आणि दोन दिवस निरीक्षण करा.

सर्व्हरच्या पोटात

इथून पुढे वेळ आणि काळजी दोन्ही लागतात.

ट्रान्सकोडिंगची तात्पुरती फाइल जिथे लिहिली जाते ती जागा भरली की सिनेमा मधेच थांबतो. आधी मोकळी जागा बघा. ती फाइल मेमरी कार्डवर लिहिली जात असेल तर एसएसडीवर हलवा.

ट्रान्सकोडिंग टाळताच येत नसेल तर ते प्रोसेसरऐवजी ग्राफिक्सच्या भागाकडून करून घ्या. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांतलं क्विक सिंक हे चित्र बांधणारं हार्डवेअर १० बिट एचईव्हीसी, म्हणजे बहुतेक फोरके फाइलींचा प्रकार, नीट हाताळतं. डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात, सर्व्हर चालवत असाल तर ग्राफिक्सचं उपकरण कंटेनरला द्यावं लागतं आणि रेंडर ग्रुपची परवानगीही. ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकल्यावर त्या ग्रुपचा क्रमांक बदलू शकतो, आणि काल चालणारं आज गुपचूप प्रोसेसरवर येतं. त्यामुळे ‘मी काहीच बदललं नाही’ असं वाटत असलं तरी हे पुन्हा तपासा. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकामध्ये चित्र बांधणारं हार्डवेअरच नाही, तिथे ट्रान्सकोडिंगची आशा सोडून डायरेक्ट प्लेवरच भर द्या. पाय ३ बी प्लसचं गिगाबिट पोर्ट आतून यूएसबी २ वर असल्याने सुमारे ३०० च्या पुढे जात नाही. हा त्याचा दोष नाही, मर्यादा आहे.

डिस्कचा वेग सहसा आड येत नाही. साधी फिरती डिस्कसुद्धा सलग वाचताना फोरके सिनेमाच्या कितीतरी पट देते. पण डिस्क आजारी असेल तर अडकतं, आणि ते कळायला डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या स्मार्ट नोंदी बघाव्या लागतात. क्रमांक ५, १९७ आणि १९८ हे खराब सेक्टरांबद्दल आहेत; शून्यापेक्षा जास्त असून वाढत असतील तर आजच प्रत काढा, सिनेमाचं नंतर बघू. क्रमांक १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिच्या डेटा केबलचा आहे. हा आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. सिनेमा चालू असताना त्याच डिस्कवर मोठी कॉपी चालू असेल, आणि डिस्क एसएमआर प्रकारची (माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) असेल, तर ती लिहिण्यात गुंतून वाचायला उशीर करते. कॉपी रात्री उशिराच्या वेळेला लावा.

बाहेरून बघताना अडकत असेल तर

इथे मात्र इंटरनेटचा संबंध आहे, आणि तोही घरच्या अपलोड वेगाचा. राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. राऊटरमध्ये पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून आत यायला वाट देऊन, काहीही होणार नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागा किंवा वायरगार्ड, टेलस्केलसारखी खासगी वाट वापरा. पोर्ट उघडता येत असलं तरी मी सर्व्हर थेट जगापुढे ठेवत नाही. त्यावर घरच्यांचे फोटोही असतात.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

डिस्कमधून टकटक आवाज येतोय आणि तिच्यावरच्या गोष्टींची दुसरी प्रत नाही: ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, दुरुस्तीची सॉफ्टवेअर लावू नका. प्रत्येक फेरीला नुकसान वाढतं. डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या.

सर्व्हरच्या किंवा स्विचच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात: अर्थिंगचा प्रश्न असू शकतो. नेटवर्कचं काम थांबवा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. यूपीएसची बॅटरी फुगली असेल तर ती स्वतः उघडू नका.

भिंतीतली केबल खराब निघाली आणि ती विजेच्या तारांच्याच पाइपातून गेली आहे: ओढू नका. विजेच्या आणि नेटवर्कच्या तारा वेगळ्या पाइपातून नेण्याचं काम जाणकाराचं आहे. विजांच्या कडकडाटानंतर एकापेक्षा जास्त पोर्ट मेली असतील तरही आधी वायरिंग तपासून घ्या, मगच नवा स्विच लावा.

फायबरच्या पेटीवर लॉसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागलाय: ती बारीक तार वाकवू नका, टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. आतला लेझरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. इंटरनेट कंपनीला कळवा.

कुणालाही बोलवण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहून ठेवा: चाचणीच्या फाइलला लागणारा वेग, डॅशबोर्डवर दिसलेली पद्धत आणि कारण, प्रत्येक केबलचा लिंक वेग, राऊटरशेजारी आणि टीव्हीशेजारी आयपर्फचे आकडे, आणि बिघाड झाला त्या तीन-चार वेळा. मी गेल्या गेल्या हाच कागद मागतो, आणि तो असेल तर तासाभराचं काम दहा मिनिटांत होतं.